सोळा रंगांचा मेळावा

आमच्या समाजात कुणी देवळाला पंखा दिला, तर त्याच्या प्रत्येक पात्यावर देणाऱ्याचं नाव असतं. पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, म्हणून काही देणारे तो बंदच ठेवायला लावतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू झाला.

फैजपूरच्या शालिग्राम नानांनी समाजाच्या ऑफिसला कम्प्युटर दिला तो याच रीतीने. मॉनिटरच्या डोक्यावर, खालच्या डब्याच्या दोन्ही बाजूंना आणि कीबोर्डच्या पाठीवर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं होतं, ‘कै. सौ. सुनंदाबाई यांच्या स्मरणार्थ, शालिग्राम नाना, फैजपूर’. पेंटरने उत्साहाच्या भरात माऊसवरही सुरुवात केली होती, पण ‘कै.’ लिहून झाल्यावर त्याची जागा संपली.

मी यशोदा जीवराम सरोदे. १९९७ साली जळगावात पिंप्राळ्याला माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. येणारा प्रत्येक माणूस आधी विचारायचा, “मिस्तरी कुठे गेले?” मी म्हणायची, “मिस्तरी मीच.” मग तो पाच मिनिटं उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचा. वय सत्तावीस, रंग काळा. सावळा नाही, गव्हाळ तर नाहीच नाही. अकरा घरचे लोक मला बघून गेले होते आणि अकरांचा निरोप एकच, “मुलगी छान आहे, पण पत्रिका जमत नाही.” त्यातल्या सात जणांनी पत्रिका मागितलीच नव्हती.

माझे वडील, आबा, भुसावळला रेल्वेत होते आणि नुकतेच रिटायर झाले होते. ते एक दिवस दुकानात येऊन स्टुलावर बसले आणि म्हणाले, “यशोदे, डिसेंबरच्या मेळाव्यात तुझ्यासाठी एकही चिठ्ठी आली नाही, तर बऱ्हाणपूरला हो म्हणून टाकू.” बऱ्हाणपूरचे गृहस्थ चाळिशीचे, बिजवर. स्वभावाने वाईट नसावेत. पण त्यांनी निरोप पाठवला होता की लग्नानंतर दुकान बंद. घरात दोन मुलं आहेत, दुरुस्तीला तेवढी पुरेत. मी तेव्हा हातातला स्क्रू-ड्रायव्हर आपटून म्हटलं, “ठीक आहे, टाका म्हणून.” रागात दिलेला असला तरी शब्द तो शब्दच.

मेळावा म्हणजे समाजाचा वधू-वर परिचय मेळावा. आदल्या दोन वर्षी मुलामुलींना स्टेजवर उभं करून माईकवर बोलायला लावलं होतं. एक मुलगी चक्कर येऊन पडली, आणि एक मुलगा स्वतःचं नाव विसरला. म्हणून नानांनी यंदा नवीन टूम काढली. कुणी स्टेजवर यायचं नाही. कम्प्युटरवर प्रत्येकाचा रंगीत फोटो, नंबर, शिक्षण, काम आणि अपेक्षा दाखवायची. केबलवाला भिकन मधे एक डबा लावून ते मंगल कार्यालयातल्या सहा टीव्हींवर सोडणार. जो नंबर आवडेल त्याची चिठ्ठी आपल्या नंबरासकट पेटीत टाकायची. जेवणानंतर चिठ्ठ्या उघडायच्या आणि दोन्हीकडच्यांची समोरासमोर गाठ घालून द्यायची.

नानांनी फॉर्ममधला ‘वर्ण’ हा रकानाही काढून टाकला. “रंगीत फोटो असल्यावर रंग कायले लिवायचा?” असं ते सभेत म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. मी मागे बसून टाळी वाजवली नाही. जिथे माझे आबा दरवर्षी ‘गव्हाळ’ अशी थाप मारायचे, तेवढी एकच जागा गेली होती.

जळगावकडचे सव्वादोनशे फोटो मी माझ्या दुकानात स्कॅन केले, फॉर्मही मीच टाइप केले. ‘अपेक्षा’ या रकान्यात सगळ्यांनी ‘सुशिक्षित, निर्व्यसनी, मनमिळाऊ’ असंच लिहिलं होतं. दीडशे वेळा ‘मनमिळाऊ’ टाइप केल्यावर माझं डोकं फिरलं. माझ्या फॉर्ममधलं ‘मनमिळाऊ’ पुसून मी लिहिलं, ‘जेवताना टीव्ही लावणारा नको. माझ्या स्क्रू-ड्रायव्हरला हात लावणारा तर मुळीच नको.’ नंबर सगळ्या गावांचे मिळून, नाव नोंदवलं त्या क्रमाने दिले होते. माझा होता दोनशे चौदा.

फैजपूर-यावलकडचे फोटो आणि फॉर्म तिकडच्या स्टुडिओवाल्याने तयार करून फ्लॉप्यांवर पाठवले. त्या फ्लॉप्या शनिवारी दुपारी, म्हणजे मेळाव्याच्या आदल्या दिवशी आल्या. मी सगळं नानांच्या मशीनमध्ये भरलं, आणि पहिला फोटो उघडला.

माणूस हिरवा होता.

दुसरा उघडला. तोही हिरवा, आणि त्याचे केस जांभळे. तिसरी एक मुलगी, साडी निळी, चेहरा केळीच्या पानासारखा. मी फोटोमागून फोटो उघडत गेले. कुणी म्हणून सुटलं नव्हतं.

कम्प्युटरमध्ये एक पट्टी असते. तिला आम्ही कार्ड म्हणतो. मशीनच्या मनातलं चित्र पडद्यापर्यंत नेऊन पोचवणं हे तिचं काम. माझ्या दुकानातलं कार्ड नवीन, त्याला हजारो रंग ठाऊक. नानांच्या मशीनमधलं जुनं, त्याला रंग माहीत फक्त सोळा. त्या सोळांत माणसाच्या कातडीचा रंग नाहीच. मग बिचारं काय करणार? गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा अशा सगळ्यांना त्याने हाताला लागला तो हिरवा फासून टाकला होता.

माझं कार्ड काढून त्यात घालावं, तर ते आखूड पांढऱ्या खाचेचं, आणि नानांच्या मशीनला सगळ्या खाचा लांब आणि काळ्या. जोर लावला असता तर दोन्ही मोडली असती. मी नानांना म्हटलं, “माझंच मशीन आणते उद्या.”

नानांनी मॉनिटरवरच्या ‘सुनंदाबाई’ या अक्षरांवरची धूळ पंचाने पुसली. मग म्हणाले, “यशोदाबाई, उद्या समदा समाज तिच्या मशीनवर पोरंपोरी पाहनार हाये. दुसरं मशीन नको.”

मग मी एसटीडी बूथवर जाऊन धुळ्याला पन्नालालजींना फोन लावला. पन्नालालजी जुन्या मशीनचे सुटे भाग विकायचे. जे भाग लोक टाकून द्यायचे ते पन्नालालजी घरी आणायचे. “लांब काळ्या खाचेचं, जास्त रंगांचं कार्ड आहे का?” विचारलं, तर ते खूश झाले. “बेटी, सगळे हसतात की पन्नालाल कचरा जमवतो. एक आहे. उद्या सकाळच्या पहिल्या बसच्या कंडक्टरजवळ देतो. नऊला तुझ्या हातात.”

रविवारी नऊ वाजले. दहा वाजले. दोन हजार माणूस येऊन बसलं, पण बस काही आली नाही. मी स्टेजच्या पडद्यामागे मशीनजवळ, म्हणजे लोकांना मी दिसत नव्हते आणि मला फटीतून सगळे दिसत होते. नानांनी नारळ फोडला आणि म्हणाले, “करा सुरू. हिरवं त हिरवं.”

पहिला फोटो सहा टीव्हींवर झळकला आणि सगळ्यांनी माना पुढे काढल्या. मग बायकांच्या बाजूने एक हसू फुटलं. ते इकडून तिकडे पसरलं, आणि पाचव्या फोटोपर्यंत दोन हजार माणसं गुडघ्यावर थापा मारून हसत होती. “आरे, हा कृषी अधिकारी हाये का शेत?” “माय व, ही त आमची पोरगी! नाही व्हय, आपल्या पोरीचे केस जांभळे कुठीचे?” एका आईने तीन वेगवेगळ्या मुलांना ‘हा आमचा’ म्हणून ओळखलं. माईकवर नंबर वाचणारे गृहस्थ हसता हसता इतके खोकले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मी असा मेळावा कधी पाहिला नव्हता. एरवी मुलींचे बाप नव्या सदऱ्यात आखडून बसलेले, मुलांच्या आया नाकाच्या शेंड्यावरून बघत असलेल्या. आज सगळे शेजाऱ्याच्या खांद्यावर पडत होते. आणि चेहऱ्यावरून काही ठरवता येईना, तेव्हा लोक झक मारत खालची अक्षरं वाचायला लागले! “बारामतीला नोकरी, लई लांब.” “हिला पोहता येतं म्हने, वा!” दोनशे चौदा नंबर लागला तेव्हा मी फटीला डोळा लावला. माईकवाल्यांनी माझी अपेक्षा वाचली. टीव्हीचं वाक्य ऐकून सगळ्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे पाहिलं, आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या वाक्याला चक्क टाळ्या पडल्या. मला पडद्यामागे एकटीला इतकं हसू आलं की मी तोंडात ओढणी कोंबली.

जळगावकडचे संपल्यावर फैजपूरकडच्यांत सत्याऐंशी नंबर आला. हिरवा मुलगा, जांभळे केस, कान जरा मोठे. आयटीआय, भुसावळजवळच्या वीज केंद्रात नोकरी. आणि अपेक्षा, ‘मुलीच्या असतील त्या.’ एवढंच. मी ती ओळ दोनदा वाचली. माईकवाले पुढच्या नंबरावर गेले तरी मी तिथेच होते. मुलींनी स्वतः चिठ्ठी टाकायची आमच्यात पद्धत नाही, ते काम बापाचं. पण मला राहवेना. मी कागद फाडला, ‘८७ साठी, २१४ कडून’ असं लिहिलं, आणि भिकनला म्हटलं, “पेटीत टाक, आणि कुणाला सांगितलंस तर तुझा डबा उघडून ठेवीन.”

बाराच्या सुमाराला आबा पडद्यामागे आले. ते पळत आले. आबांना मी आयुष्यात पहिल्यांदाच पळताना पाहिलं, गाडीसाठीसुद्धा ते कधी पळाले नव्हते. पेटीची राखण त्यांच्याकडे होती ना, माझ्या नंबरासाठी पडणारी प्रत्येक चिठ्ठी ते डोकावून मोजत होते. “सात!” ते म्हणाले. “यशोदे, सात चिठ्ठ्या आल्या तुला! बँकेतला एक आहे, एक मास्तर आहे, सात!” त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि जागच्या जागी एक गिरकी घेतली. मीही घेतली. बऱ्हाणपूर गेलं खड्ड्यात.

आणि नेमका तेव्हाच खाकी कपड्यातला एक माणूस पडदा सारून आत आला. धुळ्याच्या बसचा कंडक्टर. पारोळ्याजवळ टायर बसलं होतं. “ताई,” तो म्हणाला, “बठ्ठी गाडी खाले उतरनी, मी मात्र तुन्हं हाई डबडं मांडीवर धरीसन बठनू.” गाडीतले सगळे उतरले तरी त्याने मांडीवरून न सोडलेला तो पुठ्ठ्याचा खोका माझ्या हातात दिला आणि जेवण कुठे आहे ते विचारून गेला.

नानांना कळलं, तसे ते धावत आले. बाहेर काही लोक आता कुरकुरायला लागले होतेच. हसणं झालं, पण गोरी कोण आणि काळी कोण हे कसं कळायचं? नानांनी खोका उघडला, कार्ड दोन्ही हातांनी वर काढलं, आणि मी थांबवायच्या आत करंगळीशेजारच्या बोटाने ओलं कुंकू घेऊन त्याला टिळा लावला. घरी आलेल्या नव्या वस्तूला कुंकू लावायचंच, फ्रिजला लावतात, ट्रॅक्टरला लावतात. पण नानांनी लावलं ते कार्डाच्या सोनेरी दातांवर. तिथे चकाकतं ना, म्हणून. कार्ड मशीनला जोडलं जातं ते नेमकं त्याच दातांनी. वर तीन थेंब नारळाचं पाणी.

मी कोरड्या फडक्याने पुसलं, जुनं कार्ड काढलं, ते बसवलं आणि बटण दाबलं. पडदा काळा. मशीनने एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या मारल्या. माईक जवळच होता, त्यामुळे शिट्ट्या साऱ्या कार्यालयात घुमल्या आणि काही लोक जेवणाची पंगत लागली समजून उठले.

“काय झालं?” नानांनी विचारलं.

काय झालं ते मला माहीत होतं. दातांवर कुंकवाचा पापुद्रा बसला होता. त्याला औषध म्हणजे शाळेतल्या पोरांचं खोडरबर. पर्समध्ये माझ्या दोन खोडरबरं कायम असतात, दात घासले की कार्ड बोलायला लागतं. एका मिनिटाचं काम. पण ते तिथे मला एकटीलाच ठाऊक होतं.

आबांना तेवढंही ठाऊक नव्हतं, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. नाना दोन पावलं लांब गेल्यावर ते हळूच म्हणाले, “राहू दे ना, यशोदे. नाही बसलं म्हणून सांग. आजचा एक दिवस राहू दे हिरवं.”

मला आबांचा राग आला नाही, माझाच आला. कारण मीही तेच म्हणत होते. सात घरं! पण त्या सात घरांनी हो म्हटलं होतं ते हिरव्या मुलीला. तीन वाजता त्यांच्यासमोर मी जाऊन बसणार, आणि पुन्हा पत्रिका जमणार नाही. तिकडे नाना काळ्या मॉनिटरसमोर उभे होते. त्यावर बायकोचं नाव, आणि आत काहीच नाही. बंद मशीन मी आजवर कुणाला तसंच परत दिलेलं नव्हतं.

मी खोडरबर काढलं आणि घासायला लागले. आबा पाठ फिरवून उभे राहिले.

मशीन सुरू झालं. सोबतच्या फ्लॉपीवरून कार्डाची ओळख करून दिली, आणि मी स्वतःच माईक हातात घेतला. “रंग आले आहेत,” मी म्हटलं. “आता सगळे फोटो पुन्हा दाखवते. ज्यांनी हिरवं बघून चिठ्ठी टाकली, त्यांना परत घ्यायची असेल तर घ्यावी, कुणी काही म्हणणार नाही. पहिला नंबर दोनशे चौदा. मीच ती.”

सहा टीव्हींवर मी आले. काळी, पिवळी साडी, तेल चोपडलेली वेणी. फोटो चांगला होता, खरं सांगते. नानांनी माझ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, आणि मोठ्याने म्हणाले, “वा! कसा दिसतो साफ!” त्यांना कार्डाबद्दल म्हणायचं होतं. पेटी उघडून चिठ्ठ्या टेबलावर नंबरवार मांडल्या, आणि तिथे रांग लागली. दुसरा फोटो लावेपर्यंत माझ्या सहा चिठ्ठ्या परत गेल्या. बँकवाला सगळ्यांत आधी.

मग मी फैजपूरकडच्यांपासून फोटो लावत गेले. हात चालत होते, डोळे आतून भरत होते, आणि बाहेर लोक ‘आहा’ करत होते. कुणाकुणाला आपली पोरं एकदाची सापडली. असं करत सत्याऐंशी आला.

कार्यालयात ‘आहा’ झालं नाही. मुलगा गव्हाळ, कान मोठे, हसतमुख. आणि एका डोळ्याभोवती, ओठांच्या कडेला आणि हनुवटीवर पांढरे डाग. कोड. हिरव्यात ते दिसले नव्हते, सगळा चेहरा एकाच रंगाच्या डब्यात गेला होता. मी थबकले. हो, थबकले, खोटं कशाला सांगू? बँकवाल्याला मनात शिव्या घालून दहा मिनिटंही झाली नव्हती. पेटीत माझ्या हातची चिठ्ठी पडली होती, आणि ‘परत घ्यायची असेल तर घ्यावी’ हे वाक्यही माझंच होतं.

पडदा हलला. नऊवारी नेसलेली, ठेंगणी बाई आत आली. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि माझ्या हातात एक कागद ठेवला. ‘८७ साठी, २१४ कडून.’

“मी झुंबरबाई. सत्याऐंशीची माय,” ती म्हणाली. “माह्या पोरानं धाडलं. तो म्हने, हिरव्यात टाकेल चिठ्ठी आपुन धरायची नाही. घे माय, तुही चिठ्ठी तू परत घे. मनाले लावून घिऊ नको.”

माझ्या सहा चिठ्ठ्या नेणाऱ्यांपैकी एकानेही माझ्याकडे पाहिलं नव्हतं. हा मात्र चिठ्ठी परत द्यायला आईला पाठवत होता.

“माझ्याकडे सात आल्या होत्या,” मी म्हटलं. “सहा गेल्या. सातवी कुणाची?”

“आमचीच व,” झुंबरबाई म्हणाली. “ते टीव्हीचं वाचलं ना, तव्हाच टाकली.”

“मग ती परत नाही घेत?”

“मी कायले घेऊ? इतकी गुनाची पोरगी!”

मी कागदाची घडी घातली आणि तिच्या मुठीत परत कोंबली. “मग मी का घेऊ?” मी म्हटलं. म्हटलं काय, ओरडलेच. माईक चालूच होता हे मला त्यानंतर कळलं. दोन हजार माणसांनी ते ऐकलं, आणि आधी कुणीतरी एकाने, मग सगळ्या कार्यालयाने टाळ्या पिटायला सुरुवात केली. आबांनी पाठ फिरवलेली होती ती वळवली. डोळे पुसत त्यांनी भिकनला मिठी मारली. भिकनचा काय संबंध होता देव जाणे.

झुंबरबाईने पडद्याबाहेर हाक दिली, “चुडामण! ये रे अथी.”

तो आला. फोटोतल्यापेक्षा कान थोडे लहानच होते. त्याने उघड्या मशीनकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या कुंकवाने लाल झालेल्या खोडरबराकडे पाहिलं.

“जेवताना टीव्ही नाही लावत मी,” तो म्हणाला. “आणि तुमच्या स्क्रू-ड्रायव्हरला कशाला हात लावू?”

त्याने सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि स्वतःचा बाहेर काढला.